सागवानी फळ्यांचा मालक

दोन जून, रविवार. अनामत चाळीस हजार रुपये रोख, सगळ्या पाचशेच्या नोटा. भाडं महिना साडेसहा हजार. हजर असलेली माणसं: घरमालक रंगनाथराव, त्यांच्या पत्नी काशीकाकू, मी, माझी बायको सुमन आणि सौदा जमवून देणारे इस्माईलभाई. जागा कळमनुरीतली, रंगनाथरावांच्या घराचा वरचा मजला. रंगनाथरावांनी नोटा दोनदा मोजल्या. मीही त्या देण्याआधी दोनदा मोजल्या होत्या, म्हणून मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट माणूस आपल्यासारखाच आहे असं वाटलं. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की मला तो माणूस पहिल्यापासूनच आवडत नसावा. तसं नाही. मला ते आवडले होते. आता आवडत नाहीत, आणि त्यात बदल व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

मी आडत दुकानात मुनीम आहे. हळदीचं काम. गाव डोंगरकडा, पण नोकरीसाठी कळमनुरीत भाड्यानं राहणं आलं. तोवर आम्ही दोन खोल्यांत होतो आणि पावसाळ्यात तिथं भिंतीतून पाणी झिरपायचं. इस्माईलभाई एक दिवस दुकानात आले आणि म्हणाले, "मुनीमजी, ऐसा घर पूरे तालुके में नहीं. नीचे सब सागवान. आप चलोगे तो ऐसा लगेगा के पलंग पे चल रहे."

ते खरं होतं. वरच्या मजल्यावर फरशी नव्हतीच. स्लॅबवर चार-चार बोटं रुंदीच्या सागवानी फळ्या बसवलेल्या, एकीची कड दुसरीच्या खाचेत, आणि वर जवसाचं तेल जिरवलेलं. सकाळचं ऊन आत आलं की सगळी खोली गुळाच्या पाकासारखी दिसायची. आमच्या भागात असली जमीन कुणी करत नाही. लोक त्या घराला "फळ्यांचं घर" म्हणत आणि थोडे हसत.

रंगनाथरावांची आरागिरणी होती. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं आऱ्यात गेलेली. उरलेल्या खुंटांनी ते समोर असेल त्या वस्तूवर टकटक करायचे, दार, टेबल, खाट, एकदा तर माझी सायकल. "लाकूड सगळं ऐकतं, मुनीम," असं म्हणायचे. गिरणी विकल्यावर ते मुलाकडं गेले होते. मुलगा तिकडं समुद्राकाठच्या एका लहान गावात बंदरावर नोकरीला, आणि त्याचा भाड्याचा फ्लॅट लाकडी जमिनीचा. रंगनाथराव तिथं आठ दिवस राहिले. जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिलेला माणूस. मी सहज विचारलं, "समुद्र कसा वाटला?"

"ठीक आहे. पाणीच आहे," ते म्हणाले. "पण फळ्या! खिडकीतून समुद्राचं ऊन आत येऊन फळ्यांवर पडतं ना, ते पाहावं. मी तर खिडकीकडं पाठ करून बसायचो."

परत आल्यावर त्यांनी गिरणी विकताना राखून ठेवलेला, नऊ वर्षं सुकत पडलेला साग बाहेर काढला. एकेक फळी स्वतः निवडली. गाठ असलेली बाजूला, चीर असलेली बाजूला. काशीकाकू म्हणायच्या, "पोरीला स्थळं पाहताना येवढं पाह्यलं न्हाई यांनी." खालच्या मजल्यावर, जिथं ते दोघं राहत, तिथं मात्र साधी फरशीच. वरचं इतकं चांगलं झालं की स्वतः राहून खराब करावंसं त्यांना वाटेना. पण भाडं हवं होतं. काकूंना मधुमेह, औषधांचा खर्च दर महिन्याचा. म्हणून भाडेकरू ठेवायचा, आणि तो फळ्यांवर चालणार म्हणून त्याचा राग करायचा, अशी त्यांची दोन्हीकडून ओढाताण होती. ती मला समजायची. माफ करायला तेवढं पुरत नाही.

हळदीच्या आडतीत काम करणाऱ्याचे पाय पिवळे असतात. कितीही धुतले तरी टाचांच्या भेगांत पिवळं राहतं. आमच्या दुकानात हमालापासून मालकापर्यंत सगळ्यांचंच असं. रंगनाथरावांनी पहिल्याच आठवड्यात ते हेरलं. संध्याकाळी जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसायचे. मी आलो की म्हणायचे, "मुनीम, तळवा."

मी चप्पल काढून एक पाय मागं उचलायचो, मग दुसरा. घोड्याचा नाल पाहतात तसं ते वाकून पाहायचे. खिशातला पांढरा रुमाल टाचेवरून फिरवायचे, रुमालाकडं बघायचे आणि म्हणायचे, "अजून एकदा धुवा. नळ मोकळा आहे." मी पन्नाशीचा माणूस. दुकानात माझ्या शब्दावर लाखांचे सौदे होतात. रस्त्यावरून जाणारे लोक बघत असायचे. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं तर मला "तळवा" हेच नाव ठेवलं. मी हसण्यावारी नेलं. घर चांगलं होतं, पाणी भरपूर होतं आणि सुमनला ती खोली फार आवडली होती. दुपारी ती उशी न घेता नुसती फळ्यांवर झोपायची.

नियम बरेच होते. खुर्च्या-टेबलांच्या पायांना जुने मोजे घालायचे. पाटा-वरवंटा वर आणायचा नाही, चटणी वाटायची तर अंगणात. कुकरची शिटी चालेल, पण कुकर खाली ठेवायचा तो गोणपाटावर. एकदा सुमनचा भाऊ आखाडा बाळापूरहून ज्वारीचं पोतं घेऊन आला. बिचाऱ्यानं ते दारातून आतपर्यंत ओढत नेलं. खालून आवाज ऐकून रंगनाथराव वर आले. कुणाशी एक शब्द न बोलता पोटावर पालथे पडले, एक डोळा झाकला आणि गाल फळीला लावून लांबवर पाहत राहिले. माझा मेहुणा घाबरला. मला हळूच म्हणाला, "दाजी, यांना फिट आली का काय?"

"ओरखडा," रंगनाथराव जमिनीवरूनच म्हणाले. "तिसऱ्या फळीपासून सातव्या फळीपर्यंत."

त्यांची चांगली बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशोब एकांगी होईल. पाण्याची टाकी कधी रिकामी राहू दिली नाही. सुमनला ताप होता तेव्हा काकूंच्या हातून तीन दिवस पेज पाठवली. गिरणी चालू असताना गावात कुणाकडं मयत झाली आणि सरणाला लाकूड कमी पडलं, तर माणूस कुठल्या जातीचा, कुठल्या गल्लीचा हे न विचारता गाडी भरून द्यायचे. पैसे घ्यायचे नाहीत. "ते लाकूड मोजायचं नसतं," म्हणायचे. कळमनुरीत त्यांना मान होता तो यामुळं, आणि तो बरोबरच होता. मेलेल्या माणसाला त्यांनी कधी काही कमी पडू दिलं नाही. जिवंत माणसाचं काय झालं ते आता सांगतो.

दिवाळीनंतर मी मायला डोंगरकड्याहून आणलं. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेलेले, पण काठी टेकत घरभर फिरायची. काठी बाभळीची, खाली लोखंडी शेंबी. पहिल्याच सकाळी रंगनाथराव वर आले. नमस्कार वगैरे नीट केला, मग म्हणाले, "आजी, काठी तेवढी खाली ठेवा. शेंबीनं फळीला खड्डे पडतात."

मी त्याच दिवशी शेंबी काढून रबराची टोपी बसवली. ते म्हणाले, रबरानं काळे डाग पडतात. सुमननं टोपीवर फडकं बांधलं. फडकं घसरायचं, तेव्हा मायनंच ते सोडून टाकलं. मग रंगनाथराव म्हणाले, "भिंतीला धरून चालायचं आजी. आमच्या आईनं शेवटची दहा वर्षं भिंतीला धरून काढली."

मी सांगितलं, "रंगनाथराव, काठी राहील. भाड्यात दोनशे रुपये वाढवा पाहिजे तर." ते खाली निघून गेले. पण मी दुकानात गेलो की खालून छताला झाडूची काठी ठोकायचे. वर टक झालं की खालून टक. मायला वाटायचं, आपल्यामुळं लेकाचं घर जाईल. एके दिवशी तिनं स्वतःच काठी जिन्याखालच्या कोपऱ्यात ठेवायला लावली. सुमन भांडली तिच्याशी. माय म्हणाली, "राहू दे माय. लोकाचं घर हाय. त्येंच्या जिवाला तकलीफ व्हायली."

महिन्यातून एकदा रंगनाथराव स्वतः येऊन फळ्यांना तेल लावायचे. ते काम कुणाला द्यायचे नाहीत. त्या शनिवारी त्यांनी तेल लावलं. संध्याकाळपर्यंत पाय टाकू नका म्हणाले आणि खाली गेले. माय आतल्या खोलीत बाजेवर. दुपारी तिला तहान लागली. सुमन गच्चीवर कपडे वाळत घालत होती. माय उठली, तांब्या घेतला आणि भिंतीला धरून निघाली. मधल्या दारापाशी भिंत संपते.

आवाज सुमननं गच्चीवर ऐकला, रंगनाथरावांनी खाली ऐकला. दोघंही धावले. ते जिन्याकडून आले म्हणून आधी पोचले. सुमन दारात आली तेव्हा माय पडलेली होती, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला, आणि रंगनाथराव गुडघ्यावर बसलेले. मायजवळ नव्हे, तिच्यापासून दोन हातांवर. तांब्या उचलून त्यांनी बाजूला ठेवला होता आणि तो जिथं पडला तिथं फळीवरून बोट फिरवत होते. सुमन जे पाहते ते तसंच्या तसं सांगते, त्यात भर घालत नाही. काशीकाकू धापा टाकत वर आल्या आणि ओरडल्या, "अहो, म्हातारी पडली! तांब्या काय पाहून राहिले!" मग ते उठले आणि रिक्षा बोलवायला गेले. रिक्षा त्यांनी लवकर आणली, हेही खरं.

खुब्याचं हाड. नांदेडला ऑपरेशन झालं. औषध, खोली, जाणं-येणं धरून एक लाख बारा हजार. डॉक्टर म्हणाले, या वयात परत चालतील असं सांगता येत नाही. ती परत चालली नाही.

डिसेंबरअखेर आम्ही घर सोडलं. दुसऱ्या एका गल्लीत तळमजल्यावर शहाबादी फरशीचं एक घर मिळालं, अंधारं पण सपाट. सामान हलवल्यावर मी अनामत मागायला गेलो, इस्माईलभाईंना बरोबर घेऊन. रंगनाथराव ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं आधीच जमवून ठेवलं होतं.

"तांब्याची खोक. एक फळी बदलायची तर शेजारच्या दोन काढाव्या लागतात. नऊ हजार. पूर्ण हॉल परत घासून तेल, बारा हजार. बाजेच्या पायांच्या रेघा, तीन हजार. हळदीचे डाग, अंदाजे दोन हजार. सव्वीस हजार झाले. चौदा हजार घेऊन जा."

बेरीज बरोबर होती. मला अजून आठवतं की मी आधी बेरीज तपासली, राग नंतर आला.

"रंगनाथराव, माझी माय तिथं पडली."

"ते वाईटच झालं," ते म्हणाले. "पण त्याला मी काय करणार? म्हाताऱ्या माणसाचं पडणं चालूच असतं. फळी परत येत नाही."

मी चौदा हजार घेतले नाहीत. आवाज न चढवता म्हणालो, "चाळीसच्या चाळीस ठेवा. मी परत मागायला येणार नाही. तुम्ही आणून द्याल."

ते हसले. इस्माईलभाई मला हाताला धरून रस्त्यावर घेऊन आले. "छोडो ना मुनीमजी. बारा हजार और निकालता मैं उनसे."

"नको," मी म्हणालो.

आमच्याकडं एक पद्धत आहे. सोयरीक जोडायची असेल तर माणसं आधी दोन्हीकडच्या गावात जाऊन चौकशी करतात. भाड्याच्या घराचंही तसंच. मालक काय सांगतो ते ऐकून घेतात, आणि मग आधीचा भाडेकरू शोधून काढून त्याच्याकडं जातात. पाणी येतं का, मालक कटकट्या आहे का, अनामत परत मिळते का. कळमनुरी लहान आहे. "फळ्यांच्या घरात पहिले कोण होतं?" असं विचारलं की कुणीही आडतीकडं बोट दाखवायचं.

पहिली आली ती शिक्षक नवरा-बायको, जानेवारीतच. मी त्यांना बसवलं, चहा सांगितला. आधी चांगलं सांगितलं: पाणी भरपूर, हवा छान, काकू सोन्यासारख्या, पावसाळ्यात भिंतींना ओल नाही. मग तळव्याचं सांगितलं. मग काठीचं, झाडूच्या टकटकीचं, तेलाचं, तांब्याचं. सव्वीस हजारांची फोड सांगितली. एकही शब्द खोटा नाही, एकही रुपया वाढवलेला नाही. बाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. त्यांची सासू त्यांच्याजवळच राहत होती.

नंतर दवाखान्यातली एक नर्स आली. मग बदली होऊन आलेला बँकेतला एक साहेब, त्याला दोन लहान लेकरं. लेकरं म्हटल्यावर मला जास्त सांगावंच लागलं नाही. तरी मी सगळं सांगितलं. कुणाला कमी, कुणाला जास्त असं माझ्याकडं होत नाही.

तिसरा सौदा मोडल्यावर इस्माईलभाई दुकानात आले. नाराज होते. "मुनीमजी, आप का झगड़ा उनसे. मेरे पेट पे काहे को लात?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. एका सौद्यावर त्यांना अर्ध्या महिन्याचं भाडं मिळतं. मी आत गेलो, तीन हजार दोनशे पन्नास रुपये आणून त्यांच्या हातावर ठेवले. ते बघतच राहिले.

"ये काय का?"

"तुमची दलाली. एका घरात एकच भाडेकरू आला असता, म्हणून एकाचीच."

त्यांनी पैसे घेतले, दारापर्यंत गेले आणि मागं वळून म्हणाले, "अल्ला आपके दुश्मन पे रहम करे." माझ्या आयुष्यात माझं इतकं कौतुक कुणी केलेलं नाही.

लोक म्हणतात, सूड घेणाऱ्याची झोप उडते. माझी उडाली नाही. मी रात्री मायची कूस बदलायला उठायचो, तिला पाणी द्यायचो आणि परत गाढ झोपायचो. घर रिकामं आहे हे रोज सकाळी दुकानाला जाताना बघून घ्यायचो. वरच्या खिडक्या बंद. फेब्रुवारी बंद, मार्च बंद.

एप्रिलमध्ये काशीकाकू आमच्याकडं आल्या. डब्यात मायसाठी शेवयाची खीर आणली होती. स्वतः बाजेवर बसून तिला चमच्यानं भरवली. मायच्या मनात त्यांच्याबद्दल कधीच काही नव्हतं. दोघी शेंगांच्या भावावर, गावातल्या लग्नांवर बोलल्या. निघताना काकू दाराशी थांबल्या.

"भाऊ, घर लागू द्या आता."

"काकू, मी कुठं अडवलं?"

"भाड्यावर माझं औषध व्हतं. आता ते पोराकडं मागायचं म्हणतेत, अन् मागत न्हाईत. वर कुणी न्हाई तर सांजच्याला एकलेच जाऊन बसतेत. तेल लावायलेत. कुणासाठी लावायलेत म्हनलं, तर बोलत न्हाईत."

"काकू, तुम्हीच सांगा. मी लोकांना काय खोटं सांगितलं?"

त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "खरंच सांगता," म्हणाल्या. "लबाड बोलले असते तर मी चारचौघांत भांडले असते तुमच्याशी. आता काय करू?"

त्यांनी पदराच्या गाठीतून दुमडलेल्या नोटा काढल्या. पाच हजार असतील. "हे धरा. बाकीचे हळूहळू देते. त्यांना सांगू नका."

मी त्यांचे हात परत मिटवले. "तुमच्याकडून नाही, काकू. तुमच्याकडं माझं काही येणं नाही."

त्या गेल्यावर सुमन म्हणाली, "आता पुरे. काकूंसाठी तरी."

मायनं आतून ऐकलं. तिचा आवाज बाजेवरूनही खणखणीत होता. "पुरे काहून? पडले मी, का तू पडलीस?"

तेव्हा मला कळलं की हे माझं एकट्याचं नव्हतं. मी त्याच दिवशी काकूंच्या औषधाच्या दुकानात गेलो, दुकानदाराला सांगितलं की त्यांच्या गोळ्या उधारीवर देत जा, नाही जमलं तर माझ्याकडं ये. आणि दुसऱ्या दिवशी एक पोस्टातला माणूस चौकशीला आला, त्याला सगळं सांगितलं.

रंगनाथराव आले ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी. जानेवारी ते जुलै सात महिने घर रिकामं. साडेसहा हजारांनी साडेपंचेचाळीस हजार होतात. सव्वीस हजार वाचवायला त्यांनी तेवढे घालवले. हा हिशोब मी त्यांना कधी सांगितला नाही. तो माझ्यासाठी होता, आणि मला तो पुष्कळ दिवस पुरला.

दारात उभे राहिले तेव्हा मी ओळखलं नाही. उंच माणूस, पण खांदे उतरलेले. शर्ट इस्त्रीचा होता. "येऊ का?" म्हणाले. मी "या" म्हणालो. सुमननं पाणी दिलं. चहा विचारला नाही. आमच्या घरातून चहाशिवाय गेलेला मला आठवणारा हा एकच माणूस.

त्यांनी खिशातून पाकीट काढून माझ्यापुढं धरलं. मी हात पुढं केला नाही.

"माझ्याकडं नको. त्यांच्याकडं द्या."

माय खिडकीजवळच्या बाजेवर होती. ते तिच्याजवळ गेले. बसायला काही नव्हतं, आणि मी काही दिलं नाही, म्हणून उभ्यानंच पाकीट तिच्या हातात दिलं. मायनं पाकीट उघडलं. ती आयुष्यभर अंडी आणि दूध विकून विसाविसानं मोजायला शिकलेली. नोटा मांडीवर लावत गेली. "एक ईस. दोन ईस. तीन ईस." मग शेवटचा ढीग तिनं दोनदा मोजला आणि वर पाहिलं. "एक नोट कमी हाय."

"लाइटबिल," रंगनाथराव म्हणाले. "डिसेंबरचं. मी भरलं."

मी सुमनकडं पाहिलं. ती हळूच म्हणाली, "हो. ते राहिलंच होतं." घाईत निघालो होतो, आणि माझ्याकडून अशी गोष्ट राहत नाही, पण राहिली होती. मी विचारलं, "किती आलं होतं?"

"चारशे साठ."

"मग चाळीस रुपये परत द्या."

त्यांनी एक खिसा चाचपला, मग दुसरा. दोन विसाच्या नोटा निघाल्या. त्या मायच्या हातात ठेवल्या. माझ्याशी हिशोब करणारा त्यांच्या तोडीचा माणूस कळमनुरीत दुसरा नाही, हे त्या क्षणीही मला जाणवलं, आणि त्यामुळं राग कमी झाला नाही.

माय त्यांच्याकडं पाहत होती. "रंगनाथराव, एक इचारू?"

"विचारा आजी."

"मी पडले तवा तुमी आदी तांब्या उचलला. काहून?"

मला वाटलं, ते नाही म्हणतील. सुमनला चुकीचं दिसलं असेल म्हणतील, किंवा घाबरलो होतो म्हणतील. घाबरलो म्हणाले असते तरी मायनं ते मानलं असतं, ती तशी आहे. त्यांनी आधी खाली फरशीकडं पाहिलं. मग म्हणाले, "आजी, ती मधली फळी होती. सगळ्यांत चांगली. तिच्यापासून मी दोन्हीकडं बाकीच्या लावत गेलो."

ते खरं बोलले. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी फळीसाठी होतं की कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

माय म्हणाली, "व्हय का." आणि नोटा परत पाकिटात घालू लागली. एवढंच. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट ऐकावी तशी तिनं ती ऐकली आणि त्यांच्याकडं पाहणं थांबवलं. ती आणखी काही बोलेल म्हणून ते वाट बघत उभे राहिले. तिनं पाकीट उशीखाली सारलं आणि तोंड खिडकीकडं केलं.

दाराबाहेर त्यांनी मला विचारलं, "आता कुणी चौकशीला आलं तर?"

"सांगीन."

"काय सांगाल?"

"जे झालं ते. अनामत पूर्ण परत दिली, हेही सांगीन. आधीच सांगीन."

"आणि बाकीचं?"

"बाकीचंही."

ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी मान हलवली, "बराबर आहे," म्हणाले आणि पायरी उतरले. गल्लीच्या तोंडाशी बाजार भरलेला, कांद्यांचे ढीग, बायकांच्या हाका, एक टेम्पो अडकून हॉर्न वाजवत होता. टेम्पोच्या मागच्या फळकुटावर त्यांनी त्या खुंटांनी दोनदा टकटक केली, बाजूला व्हायला सांगावं तशी. ड्रायव्हरनं काही पाहिलं नाही. मग ते गर्दीत शिरले. त्यानंतर मी त्यांना जवळून पाहिलेलं नाही. घराच्या वरच्या खिडक्या आजही बंद असतात.

परत मिळाले ते रोख एकोणचाळीस हजार पाचशे, आणि वर चाळीस. एकूण एकोणचाळीस हजार पाचशे चाळीस रुपये, माझ्या मायच्या हातात, तिनं स्वतः मोजून घेतले. खुब्याचे एक लाख बारा हजार नांदेडला मी भरले. त्यातला एक रुपयाही त्यांनी दिलेला नाही, आणि मी मागितलेला नाही.